नव्याची सवय

शनिवारी सकाळी गेटवेहून निघालेली कॅटमरान मांडव्याच्या जेट्टीला लागली, की उतरणाऱ्या प्रवाशांत एकसारखे टी-शर्ट घातलेला एखादा घोळका बहुधा असतोच. मुंबईतील कुठल्यातरी कंपनीचा तो एक विभाग असतो. आवास, किहीम किंवा झिराडच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टमध्ये त्यांचे दोन दिवसांचे शिबिर ठरलेले असते आणि शिबिराचा विषय अलीकडे बहुतेक वेळा एकच असतो : इनोव्हेशन. म्हणजे कामात नवे काही सुचावे आणि ते अमलात यावे. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या जातात, गट पाडले जातात, संध्याकाळी किनाऱ्यावर खेळ होतात, रविवारी दुपारी सर्वांचे एकत्र छायाचित्र निघते आणि परतीच्या बोटीत मंडळी पेंगतात. सोमवारी कचेरीत तीच खुर्ची, तोच साहेब, तीच रीत. त्या चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

सहलीवर माझा राग नाही. माणसे एकत्र जेवली, हसली तर त्यांचे कामही सुखाचे होते. आक्षेप आहे तो त्यामागच्या समजुतीवर. नवे हे कधीतरी, कुठेतरी बाहेर जाऊन, एखाद्या हुशार माणसाला एकदम सुचते, अशी ती समजूत. बँकेच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाचे मत थोडे वेगळे झाले आहे. माझ्या पाहण्यात नवे सुचले ते रोजच्या कामात, आणि तेही जिथे काही साध्या सवयी रुजल्या होत्या तिथेच. ज्यांना याचा पुरावा हवा त्यांनी मांडव्याहून वीसेक किलोमीटर पुढे अलिबागला जावे.

पण त्याआधी मांडव्याच्या जेट्टीचीच एक गोष्ट सांगतो, कारण ती रोज हजारो लोक वापरतात आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गेटवेहून येणाऱ्या लाँच आणि कॅटमरानच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग या बसचे भाडे धरलेले असते. प्रवासी उतरतो, चालत बाहेर येतो, बस उभी असते. यात यंत्र नवे नाही, बोट नवी नाही, बस तर नाहीच. नवे आहे ते एवढेच, की कोणीतरी प्रवाशाच्या जागी उभे राहून पाहिले. प्रवाशाला मांडव्याला जायचे नसते, अलिबागला जायचे असते. आपले काम जेट्टीला संपते असे बोटवाल्याने मानले असते, तर पुढचे सारे हाल प्रवाशाच्या वाट्याला आले असते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारींसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली, टाळेबंदीमुळे ती लगेच थांबली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, पुन्हा धावू लागली. शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता टाळून तासाभरात गाडीसकट पलीकडे, हे तिचे मोल मोठेच. तरी तिकिटातल्या त्या बसचे मला अधिक कौतुक वाटते, कारण तशी सुधारणा कोणत्याही छोट्या दुकानाला परवडणारी आहे.

आता अलिबाग. तेथील समुद्रकिनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. कुलाबा किल्ला पाहायला जाणारे तिच्या आवाराजवळूनच जातात, पण आत काय चालते याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात क्षणोक्षणी जे बारीक बदल होतात, त्यांची नोंद ठेवणे हे तिचे काम. तिची परंपरा मुंबईच्या कुलाब्याची. तेथील वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली आणि चुंबकीय निरीक्षणे १८४१ पासून सुरू झाली.

त्या काळी कुलाब्याला ही मोजणी डोळ्यांनी होत असे. दोऱ्याला टांगलेला चुंबक किती हलला, हे दुर्बिणीतून मोजपट्टीवर पाहायचे आणि वहीत आकडा लिहायचा. दर तासाला एक नोंद, दिवस असो वा रात्र. याहून कंटाळवाणे काम शोधून सापडणार नाही. आमच्या लेजर कीपरलासुद्धा रविवारची सुट्टी असे. मात्र या कामाला एक पोटनियम होता : चुंबक नेहमीपेक्षा अस्वस्थ दिसू लागला, तर तासाची वाट पाहायची नाही, पंधरा मिनिटांनी, वेळप्रसंगी पाच मिनिटांनी नोंद घ्यायची.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलनिरीक्षकाने सूर्यावर एक प्रखर झोत पाहिला. पुढच्या काही तासांत पृथ्वीवर आजवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली. तेथील काही वेधशाळांत छायाचित्रावर रेषा काढणारी स्वयंचलित यंत्रे होती. पण वादळ एवढे मोठे, की रेषा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याला मात्र २ सप्टेंबरच्या सकाळी कोणीतरी निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून बसला होता आणि नियमाप्रमाणे त्याने नोंदी दाट केल्या. आकडे कोसळत होते, तो लिहीत होता. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची ती घसरण वहीत उतरली आणि वही कपाटात गेली. १४४ वर्षांनी, २००३ साली, ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे संशोधकही होते, त्या नोंदींवरून त्या वादळाचा जोर किती होता याचा अंदाज मांडला. आज उपग्रह आणि विजेच्या वाहिन्या सौरवादळापासून कशा सांभाळाव्यात, याच्या चर्चेत कुलाब्याच्या त्या सकाळचा उल्लेख येतो.

यात नवे सुचणे कुठे आले, असे कोणी विचारील. त्या निरीक्षकाला काही सुचले असेल-नसेल. पण नवे सापडण्याची जागा म्हणजे ‘नेहमीसारखे नसलेले’ काहीतरी, हे त्या पोटनियमाने ओळखले होते. आपल्या कचेऱ्यांत नेमके उलट घडते. एखाद्या दिवशी काही विचित्र झाले, तर ते लवकरात लवकर निस्तरून विसरून जाण्याकडे कल असतो. एखादा जुना ग्राहक माल परत करतो, त्याला पैसे देऊन विषय मिटवला जातो. का परत केला, हे कोणी लिहीत नाही. तिसऱ्यांदा तसे झाले तरी ते तिसऱ्यांदा झाले हे कोणाला ठाऊक नसते.

कुलाब्याच्या पुढच्या गोष्टीचा नायक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. १८९६ साली ते या वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावरील ते पहिले भारतीय. थोड्याच वर्षांत मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे घाटू लागले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय मोजणीत व्यत्यय येणार, हे उघड होते. ट्राम तर अडवून धरता येत नव्हती. मूस यांनी अलिबागची जागा निवडली. लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेल्या साहित्याने नवी इमारत उभी राहिली आणि १९०४ साली तेथे मोजणी सुरू झाली.

खरी शिकण्यासारखी गोष्ट यापुढे आहे. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा बंद केले नाही. दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालली. जागा बदलली की चुंबकीय क्षेत्राचे मूल्यही बदलते. तो फरक किती, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात तो तसाच राहतो का, हे कळल्याशिवाय जुनी आकडेमाला नव्या आकडेमालेला जोडता आली नसती. मग कुलाब्याचे काम अलिबागकडे गेले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी पुढे १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. आज कुलाबा-अलिबागची ही अखंड मालिका जगातील मोजक्या दीर्घ मालिकांत गणली जाते.

जुने आणि नवे शेजारी-शेजारी चालवणे याला बँकेत आम्ही ‘पॅरलल रन’ म्हणत असू. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांमध्ये हळूहळू लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. काही महिने हाताने लेजर लिहायचे आणि तेच यंत्रातही भरायचे. दुप्पट काम म्हणून आम्ही सर्वजण कुरकुरलो. पण या दुप्पट कामानेच एक गंमत उघडकीस आणली. त्या वेळी बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळत असे. सहामाही व्याजाचे यंत्राचे आणि हाताचे आकडे काही खात्यांत जुळेनात. सर्वांनी यंत्राला दोष दिला. शोध घेता कळले, की १० तारखेला दिवसा भरलेली रक्कम एका लेजरवर धरली जात होती आणि दुसऱ्या लेजरवर धरली जात नव्हती. एकाच शाखेत, एकाच छताखाली, एका नियमाचे दोन अर्थ वर्षानुवर्षे नांदत होते. यंत्र आले त्या दिवशी जुनी लेजरे बांधून ठेवली असती, तर ही विसंगती कोणालाच दिसली नसती, आणि ग्राहकाला तर कधीच नाही.

त्याच शाखेतील आणखी एक आठवण. कोकणातील तालुक्याच्या गावची ती शाखा. आमच्या शाखाधिकाऱ्यांचा एक नेम होता. संध्याकाळी रोकड जुळली, की सर्वांनी दहा मिनिटे काउंटरच्या आत उभे राहायचे, आणि आज काम कुठे अडले एवढेच प्रत्येकाने सांगायचे. सुरुवात शिपायापासून, शेवट साहेबांचा. हा क्रम त्यांनी कधी मोडू दिला नाही. साहेब आधी बोलले, की बाकीच्यांचे मत साहेबांच्या मतासारखे होते, हे त्यांना पक्के माहीत असावे. जे बोलले जाई ते एका साध्या वहीत लिहिले जाई, आणि त्यासमोर काय ठरले तेही.

दर महिन्याच्या एक तारखेला निवृत्तिवेतनधारकांची झुंबड उडे. वृद्ध माणसे हातात पितळी टोकन घेऊन दोन-दोन तास बसत. आम्ही अधिकाऱ्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला होता : दुसरा काउंटर, सकाळी लवकर रोकड, बसायला बाके. एके संध्याकाळी शिपाई सहज म्हणाला, “पेन्शनवाले अकरा लेजरांत पसरलेत. मी एक तारखेला दिवसभर लेजरंच उचलतो.” अडचण रोखपालाकडे नव्हती, पैसे मोजण्यात नव्हती, ती होती लेजर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्यात. हे शिपायाखेरीज कोणाला दिसणे शक्यच नव्हते, कारण लेजर उचलत होता तो. सर्व निवृत्तिवेतन खाती एका लेजरात आणावी, असे निघाले. अकाउंटंट म्हणाले, खाते क्रमांक बदलले तर कोषागाराच्या कागदांत घोळ होईल. आक्षेप रास्त होता. म्हणून आधी दोनच लेजरांतील खाती हलवली, नव्या क्रमांकाखाली जुना क्रमांक लाल शाईने लिहिला, आणि दोन महिने पाहिले. घोळ झाला नाही. मग उरलेली हलवली. एक तारखेची रांग दुपारच्या जेवणाआधी संपू लागली.

तीन वर्षांनी त्या शाखाधिकाऱ्यांची बदली झाली. नवे आले त्यांना शिपायाने आधी बोलणे शिस्तीला सोडून वाटले. दहा मिनिटे बंद झाली. वही कपाटात गेली. शाखेचे काही बिघडले असे नाही; ठेवी वाढत होत्या, तपासणीत शेरेही बरे मिळत होते. फक्त काही अडले, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न झाला. वरिष्ठ कार्यालयाने पुढे एक सूचनापेटीही पाठवली. सुबक होती. तिची किल्ली कोणाकडे आहे, हे मी तेथून निघेपर्यंत निश्चित झाले नव्हते.

कुलाब्याच्या नोंदी टिकल्या त्या संचालक बदलले तरी. आमच्या शाखेची वही टिकली नाही. फरक मला एवढाच दिसतो, की तेथे नेम हा कामाचा भाग होता, आमच्याकडे तो एका भल्या माणसाचा स्वभाव होता. स्वभावाची बदली होते. १९८० साली भेलच्या हैदराबादजवळील कारखान्यात आपल्याकडची पहिली गुणवत्ता मंडळे सुरू झाली आणि पाहता पाहता देशभर त्यांचे लोण पसरले. कामगारांनी एकत्र बसून आपल्या कामातील अडचण आपणच सोडवायची, ही कल्पना उत्तमच. पण जिथे साहेबाच्या हौसेखातर मंडळे निघाली, तिथे हौस फिटल्यावर तक्ते भिंतीवर उरले.

लोक बोलत का नाहीत, याचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंच्या हातून चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे निघाले : चांगल्या समजल्या जाणाऱ्या चमूंच्या नावावर चुका अधिक. उलगडा असा, की त्यांच्या चुका अधिक नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात. ज्या ठिकाणी चूक सांगण्याची भीती वाटते, तिथे नवी कल्पना सांगण्याचीही वाटतेच. दोन्हींत माणूस स्वतःला उघडे पाडत असतो.

या मासिकाच्या वाचकांत दुकान, पेढी किंवा छोटा कारखाना चालवणारी घरे बरीच आहेत, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. आपल्याकडे मुलगा एमबीए होऊन येतो आणि पहिल्या महिन्यात सर्व बदलू पाहतो. वडील म्हणतात, चाळीस वर्षे असेच चालले आहे. आणि पंचवीस वर्षे काम केलेले मुनीमजी दोघांकडे पाहून गप्प बसतात. तिघांनाही काहीतरी ठाऊक असते. ते एका ठिकाणी कधी येत नाही. मग एक दिवस एखादा चांगला नोकर समोरच्या दुकानात जातो आणि तिथे जाऊन तीच गोष्ट सांगतो, जी आपल्याकडे त्याला कोणी विचारली नव्हती. हा तोटा ताळेबंदात दिसत नाही.

नव्या प्रयोगाकडे मी कर्जप्रकरणासारखे पाहावे असे सुचवीन. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, मध्ये तपासणीची तारीख ठरलेली. एवढे बुडाले तरी धंदा हलणार नाही, अशी मर्यादा आधी आखली, की वडिलांची भीती निम्मी होते, आणि मुदत संपल्यावर हिशेब द्यायचा आहे म्हटले, की मुलाचा उतावीळपणाही निम्मा होतो. कल्पना नाकारायची तर कारण वहीत लिहावे. कारण न देता दिलेला नकार माणूस एकदाच ऐकतो, दुसऱ्यांदा तो विचारायलाच येत नाही. रोख बक्षिसाच्या मात्र मी विरोधात आहे. कल्पना मुळात कोणाची, यावरून जी भांडणे होतात ती मी पाहिली आहेत. लेजरांची कल्पना शिपायाची खरी, पण लाल शाई अकाउंटंटची होती.

माझ्या परिचयातील एका घाऊक कापड व्यापाऱ्याकडे गेल्या दिवाळीपासून अशी वही सुरू झाली आहे. पहिले दोन महिने तिच्यात पंखा, चहा आणि गोदामातील दिवा एवढेच विषय होते. मालकाच्या मुलाने ते चिकाटीने दुरुस्त करून घेतले, आणि मला वाटते त्यानेच लोकांचा विश्वास बसला. तिसऱ्या महिन्यात टेम्पोचालक बोलला. गठ्ठे बिलांच्या क्रमाने भरले जातात, पण वाटायचे असतात रस्त्याच्या क्रमाने. त्यामुळे पेणला थांबले, की अलिबागचे सारे गठ्ठे आधी खाली उतरवावे लागतात. शेवटच्या गावाचा माल सर्वांत आधी भरला तर तास वाचेल. मुनीमजींचे म्हणणे, त्यासाठी सर्व बिले आदल्या संध्याकाळी तयार हवीत, आणि ती तर सकाळी अकरापर्यंत चाललेली असतात. वडील म्हणाले, होते ते ठीक आहे.

सध्या पनवेल, पेण, अलिबाग या एकाच मार्गावर नवी रीत चालू आहे. बाकी मार्गांवर जुनी. टेम्पो लवकर परततो हे खरे. पण मुनीमजींना संध्याकाळी अर्धा तास अधिक बसावे लागते, हेही खरे, आणि त्या अर्ध्या तासाचे काय, हा प्रश्न गेल्या आठवड्यात वहीत त्यांच्याच हस्ताक्षरात आला आहे. प्रयोगाची मुदत अक्षय्य तृतीयेपर्यंत आहे.